भाताच्या मुलखात भाताविना

प्रथम क्षमा मागते. या ब्लॉगवर बर्फाच्या खिंडी ओलांडून आलेली माणसे लिहितात; माझा प्रवास वर्ध्याहून बालाघाटपर्यंतचा, सकाळी निघून दिवेलागणीपूर्वी संपणारा. शिवाय मी बोलकी नाही. शाळेत पहिला क्रमांक येत असे, परंतु उत्तर ठाऊक असूनही मी कधी हात वर केला नाही. अशा मुलीने चारचौघांसमोर प्रवासवर्णन मांडावे हा आगाऊपणाच आहे. तरी पथ्य सांभाळून प्रवास कसा करावा, याविषयी कुणीतरी लिहावे असे संपादिका ताईंनी सुचविले आणि मला वाटले की याबाबतीत माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडेसे आहे. चुकले तर लहान समजून पदरात घ्यावे.

पथ्याची हकीकत आधी सांगते. आमच्या घराण्यात मधुमेह आहे. चोविसाव्या वर्षीच माझी साखर सीमारेषेवर येऊन उभी राहिली, तेव्हा डॉक्टरांनी भात, पोळी, बटाटा आणि गोड यांना जवळजवळ निरोप देऊन डाळी, पालेभाज्या, अंडी, पनीर, दाणे यांवर राहण्यास सांगितले. याला आजकाल लो-कार्ब म्हणतात. माझ्या मराठी पाठ्यपुस्तकात त्या पदार्थांना ‘कर्बोदके’ असा भारदस्त शब्द होता आणि मी अजून तोच वापरते. बाबा म्हणाले, “मग खायचे काय, हवा?” माझी मैत्रीण रेवती म्हणाली, “माझ्या लग्नात तू जिलेबीला नाही म्हणालीस, हे मी म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवीन.” अशा वेळी मी काही समजावीत नसे. हसत असे, आणि पंगतीत वाढलेला भात भाजीखाली हलकेच लपवीत असे.

अशा मला नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मामींचा फोन आला.

“अनू, तुह्या मामाच्या पायाच्या अंगठ्याले जखम झाली. दोन महिने झाले, भरूनच नाही राह्यली. शुगर लय वाढली. डॉक्टर म्हणते, भात कमी करा, नाही तं अंगठा काढा लागन. अन् हा माणूस हसते, बाई! दोन्ही टायमाले ताटभर भात खाते अन् हसते. तू ये. नव्याचा दिवस बी आला. तू भाची आहेस, तुह्यं ऐकतीन.”

येथे एक चालरीत सांगितली पाहिजे. आमच्या मामांच्या घरी भाचीला देवासारखे मानतात. मामा वयाने कितीही मोठे असोत, भाचीच्या पाया ते पडतात. आणि शेतातला नवा तांदूळ घरात शिजतो त्या दिवशी, म्हणजे ‘नव्या’ला, पहिले पाच घास मामांनी भाचीला स्वहस्ते भरवायचे असतात. तिने खाल्ल्याशिवाय घरात कुणी नवे अन्न तोंडात घालीत नाही. इतकी वर्षे परीक्षा, वसतिगृह, नोकरी या निमित्तांनी मी त्या दिवसाला जाऊ शकले नव्हते आणि माझ्या नावाचा घास गाईला देऊन वेळ भागविली जात असे. आता जायचे, आणि ज्या घरचा भात मी खाऊ शकत नाही त्याच घरच्या कर्त्या माणसाला भात कमी करा असे सांगायचे. मी “येते, मामी” म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी: वर्ध्याहून नागपूरमार्गे गोंदियापर्यंत एक्स्प्रेस गाड्या भरपूर आहेत. गोंदियाला उतरून बालाघाटकडे जाणारी गाडी घ्यावी. साधारण तासाभराचे अंतर आहे आणि भाडे इतके थोडे, की खिडकीवरचा कारकून दोनदा सुटे मागतो. पथ्य असेल तर घरून उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे आणि काकडी न्यावी. स्थानकावर समोसा, वडा, पोहे यांचेच राज्य असते. मी अंडे सोलीत होते तेव्हा समोरच्या बाकावरील बाईंनी डब्यातून दोन जाड पोळ्या काढून एक माझ्या रुमालावर ठेवली. मी नको म्हणताच त्या आपल्या सोबतिणीला म्हणाल्या, “शरमा रही है. आजकालच्या पोरी अशाच, घरून खाऊन निघत नाहीत अन् बाहेर मागत नाहीत.” मी ती पोळी घडी घालून पिशवीत ठेवली आणि त्यांचा जीव शांत झाला.

गोंदिया सुटले की धानाचा मुलूख सुरू होतो. पीक निम्मे कापलेले, निम्मे उभे. कापलेल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पेंढ्या आडव्या निजलेल्या, आणि त्यांच्यावर दुपारचे ऊन असे पसरलेले की कुणीतरी झोपलेल्यांच्या अंगावर पांघरूण घालून गेले असावे. गाडी हळू चालते. मध्येच थांबते, कशासाठी ते कळत नाही, आणि त्या थांबण्यात दूरच्या मळणीचा आवाज ऐकू येतो. राज्याची सीमा कोठे ओलांडली हे मला उमगलेच नाही. स्थानकांच्या पाट्यांवरून मराठी गेली आणि डब्यातल्या बोलण्यात मात्र ती हिंदीत विरघळून तशीच राहिली. मांडीवर पुस्तक होते. एकही पान उलटले नाही.

बालाघाटच्या फलाटावर मामा उभे होते. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, आणि मला पाहताच तोच मोठा आवाज: “आली व्हय माही भाची!” मी नमस्काराला वाकणार एवढ्यात तेच वाकले. गर्दीत, सामानाच्या हातगाड्यांमध्ये, साठीचा माणूस माझ्या पायांना हात लावत होता. संकोचाने मी नजर खाली वळविली, आणि मला त्यांचा पाय दिसला. उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी, तिच्या कडेला पिवळसर ओल, आणि ती चपलेच्या पट्ट्यात मावत नसल्यामुळे पट्टा कापलेला. मामा उठले तेव्हा हसत होते.

“काहून वं, वाळून गेलीस! तुह्या बाबाकडं तांदूळ संपला का काय?”

त्यांचे गाव वारासिवनीच्या रस्त्याला आहे. सामायिक ऑटो थोड्या पैशांत नेतो. आम्ही पायामुळे ऑटो राखून घेतला. तीनशे रुपये पडले. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना धान, मधूनच तांदळाच्या गिरण्या, त्यांच्या अंगणात कोंड्याचे सोनेरी ढीग, आणि संध्याकाळी हवेत उतरणारा एक गोडसर वास. येथे चिन्नोर नावाचा बारीक, सुवासिक तांदूळ होतो. मामा त्याचे व्यापारी आहेत. बालाघाटच्या बाजारात त्यांचे दुकान आहे. “वास आला का?” त्यांनी विचारले. मी मान हलविली. “कापणी चालू हाये. ह्या दिवसांत अख्खा रस्ता वास मारते म्हणतात लोक.” ते नाकाने दीर्घ श्वास घेत बाहेर पाहू लागले.

घरी मामींनी मला पोटाशी धरले, हातपाय धुवायला गरम पाणी दिले आणि पाटावर बसविले. ताट पुढे आले: साबुदाण्याची खिचडी, उकडलेले रताळे, भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

“तू भात नाही, पोळी नाही खात म्हणली ना,” मामी कौतुकाने म्हणाल्या. “म्या समजली, बारमाही उपास हाये तुहा. बरं करतेस. कोन्त्या देवाचा वं?”

मी ताटाकडे पाहत राहिले. साबुदाणा, रताळे, भगर. डॉक्टरांनी मला जे जे टाळण्यास सांगितले होते ते एका ठिकाणी, साजूक तुपासह, इतक्या मायेने मांडलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. धान्य सोडले म्हणजे उपवास, आणि उपवास म्हणजे साबुदाणा, यापलीकडे आपल्या स्वयंपाकघराला तिसरी वाटच ठाऊक नाही. मी हळूच सांगितले की हा देवाचा उपवास नसून डॉक्टरांचे पथ्य आहे, आणि साबुदाण्यातही भाताइतकीच, किंबहुना अधिकच, कर्बोदके असतात.

“साबुदाण्यात?” मामींचा हात थांबला. “मंग माहे सारे उपास...”

“तुह्ये उपास देवाले पावले,” मामा आतून म्हणाले. “वजनाले नाही पावले.”

मामी रागावल्या, हसल्या आणि पुन्हा चुलीशी गेल्या. शेवटी मला वांग्याची भाजी, वालाच्या शेंगा आणि दही मिळाले. पण मी भाजी नुसतीच खात आहे हे त्यांना पाहवेना. “नुसती भाजी आजारी माणूस बी नाही खात, बाई. दोन शितं तरी घे. बरं, पोहे करू? पोह्यात तं भात नसते.”

दुसऱ्या दिवशी मी मामांसोबत दुकानात गेले. बालाघाटचा बाजार मला आवडला. कचेऱ्या, वकील, तांदळाची पोती, ऑटोंची गर्दी, आणि या सर्वांवर एक प्रकारची निवांत धूळ. मामांच्या दुकानात मागच्या बाजूला छोटी शेगडी आहे. कुणी नमुना आणला की मूठभर तांदूळ तिथेच शिजवितात आणि मामा तो चाखून भाव सांगतात. त्या सकाळी तीन नमुने शिजले आणि मामांनी तिन्ही वाट्या संपविल्या. मग घरून भाताचा डबा आला.

मी रेल्वेत मनातल्या मनात पाठ केलेले सर्व तेव्हा बोलायचे ठरविले. दुकानात मामांचे जुने स्नेही धनलालकाका बसलेले होते, म्हणून जीभ अडखळत होती. तरी सुरुवात केली. पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन रक्तात शर्करा कशी उतरते, ती पेशींत शिरू न शकल्यास काय होते, बारीक रक्तवाहिन्या आणि पायांच्या संवेदना यांवर तिचा परिणाम कसा होतो, जखम का भरत नाही. मी खाली पाहून, न थांबता, पूर्णविराम नीट देत बोलले.

“वा!” धनलालकाका म्हणाले. “काय भाषा हाये, भाऊ! रेडिओवर बातम्या ऐकल्यावानी वाटलं.”

“पह्यला नंबर यायची,” मामा अभिमानाने म्हणाले. “एक शब्द हिंदीचा नाही आला, पाह्यलं?”

“पण मामा, भात...”

“अवं बिटिया,” धनलालकाकांनी मला प्रेमाने समजाविले, “आपल्या इकडं लेकरू पह्यले भात म्हणते, मंग आई म्हणते. भातानं शुगर होत असती तं बालाघाट जिल्हा कवाचाच खाली झाला असता. टेन्शन से होती है. दुकान हाये, उधारी हाये, घरवाली हाये.”

“घरवालीवर नको जाऊ,” मामा म्हणाले आणि डबा उघडला.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. रडू आले नाही. फक्त आपल्या पाठांतराची लाज वाटली. समोरून पोत्यांची गाडी गेली. एका पोत्याला छिद्र होते, आणि रस्त्यावर तांदळाची एक बारीक पांढरी रेघ वळणापर्यंत उमटत गेली. पारवे ती रेघ टिपत टिपत निघाले, जणू कुणी त्यांच्यासाठीच वाट आखून दिली होती.

तिसऱ्या दिवशी धनलालकाकांना कामानिमित्त बिरसाला जायचे होते आणि त्यांनी आम्हा दोघांना गाडीत घेतले. बालाघाटला कुणी गेले तर हा रस्ता चुकवू नये. बैहरच्या बाजूने घाट चढतो, आणि थोड्याच वेळात जंगल रस्त्याला दोन्हीकडून जवळ घेते. साग, बांबू, पुढे सालाची उंच सरळ झाडे. ऊन थेट खाली येत नाही. पानापानावर थांबत, हिरवे होऊन उतरते. गाडीच्या काचेवर ते सरकत होते आणि मला वाटत होते की आपण पाण्याखालून जात आहोत. जायला अडीच तास लागतात. सकाळी लवकर निघावे, पाणी सोबत ठेवावे, आणि वाटेत भ्रमणध्वनी चालत नाही याचा आनंद मानावा. खाण्याचे म्हणाल तर वाटेतील टपरीवर अंड्याची भुर्जी मिळाली. पाव नको म्हटल्यावर टपरीवाल्याने मामांना विचारले, “तबीयत खराब है क्या इनकी?”

“नही भैया, मास्टरनी है,” मामा म्हणाले. त्याचे समाधान झाले.

बिरसाला काका आपल्या कामाला गेले आणि आम्ही दोघे एका झाडाखालच्या ओट्यावर बसलो. मामांनी पट्टीचा पाय उन्हात लांब केला होता. बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलले. त्यांचा मोठा आवाज तेव्हा लहान झाला होता.

“तुले वाटत असन, मामाले अंगठ्याची भीती नाही. हाये, बाई. लय हाये. सकाळी पट्टी सोडतो ना, तं पह्यले डोळे मिटतो.”

मी पट्टीकडे पाहिले.

“पण मले भात पोटाले नाही लागत, कामाले लागते. चाळीस वर्षं लोक ह्या जिभेवर भाव करून राह्यले. अन् आता...” ते थांबले. “कोणाले सांगू नको. मामीले बी नाही. वर्षभर झालं, मले चिन्नोरचा वास नाही येत पह्यल्यासारखा. येते, पण लांबून येते. म्हणून म्या जास्त खातो. एका घासात नाही सापडला तं दुसऱ्यात सापडन, दुसऱ्यात नाही तं ताटात सापडन.”

सालाची पाने एकेक करून खाली येत होती. मला एकदम कळले की मी ज्याला हट्ट समजत होते तो शोध होता. (मामांना विचारूनच हे येथे लिहीत आहे.)

चौथा दिवस नव्याचा. मामींनी पहाटे अंगण सारविले. नवा तांदूळ मातीच्या भांड्यात शिजला, आणि झाकण काढताच घरातली प्रत्येक खोली जागी झाल्यासारखी वाटली. मला पाटावर बसविले. मामांनी माझे पाय धुतले, कुंकू लावले. धनलालकाका सपत्नीक आले होते. मी मामींना आधीच सांगून ठेवले होते की मी एकच घास घेईन. डॉक्टरांनी सणाला घासभर खाण्याची मुभा दिली आहे. मामी “बरं” म्हणाल्या होत्या, पण ते बरं कितपत खरे, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत नव्हते.

मामांनी पहिला घास भरविला. त्यात दूध होते, किंचित गूळ. मी तो हळूहळू चावला. नऊ-दहा महिन्यांनंतरचा तो भात होता, आणि मी त्यासाठी तयार नव्हते. डोळे आपोआप मिटले.

दुसरा घास ओठांशी आला. मी मान बाजूला केली.

मामांचा हात तसाच राहिला. धनलालकाकू पुटपुटल्या, “पाच घास लागतात, बेटा. भाचीनं घास नाकारणं बरं नसते घराले.” मामी चुलीजवळ उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी नेला. सर्वजण माझ्याकडे पाहत होते. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलीकडे इतके लोक एकदम पाहत आहेत, असे पूर्वी कधी घडले नव्हते.

“मामा,” मी म्हणाले, “नाकारत नाही. एका घासातच मला सगळे मिळाले.”

“काय मिळालं?” मामांनी विचारले. हा प्रश्न मामाचा नव्हता, व्यापाऱ्याचा होता.

मग मी सांगितले. पाठ केलेले काही नव्हते. आधी वास येतो, म्हणाले, तोंडात जाण्यापूर्वीच. ओल्या पेंढीवर ऊन पडल्यावर येतो तसा. मग काही वेळ काहीच नाही, नुसती ऊब. चावत राहिले की गोडी येते, पण ती गुळाची नव्हे. गूळ आधी येऊन जातो. ही उशिरा येते, जिभेच्या मागच्या बाजूला, आणि घास गिळला तरी जात नाही. आताही आहे.

मामांनी हातातला घास स्वतःच्या तोंडात घातला. नव्याच्या दिवशी असे कुणी करीत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ते फार वेळ चावत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो चेहरा ऐकत असलेल्या माणसासारखा होता, कुणीतरी दूरवरून हाक मारते आहे आणि शब्द लागत नाहीत, असा.

“हौ,” शेवटी ते एवढेच म्हणाले. उरलेले तीन घास त्यांनी माझ्या ओठांना नुसते लावले आणि गाईसाठी पानावर काढून ठेवले. “झाले पाच. वाढ वं सगळ्यायले.”

आणि मग ते जेवायला बसले व नेहमीसारखा ताटभर भात जेवले. पुन्हा घेतला. मामींनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान खाली घातली. ज्या कामासाठी आले होते ते झाले नाही, हे आम्हा दोघींनाही स्पष्ट दिसत होते. दुपारी मी अंगणात खाटेवर पडले. आकाशात मोठे पांढरे ढग कुठेही न जाता उभे होते, आणि मला माझ्या सर्व गुणपत्रिकांचा विनाकारण राग आला.

परतीच्या दिवशी गाडी दुपारची होती. मामा सकाळीच तयार होऊन बसले आणि ऑटोवाल्याला स्टेशनाऐवजी दवाखान्याकडे वळायला सांगितले. डॉक्टर तरुण होते, थकलेले दिसत होते. मामा खुर्चीत बसले आणि म्हणाले, “डॉक्टर साहब, चावल कम करना है. ये मेरी भांजी है, इसके सामने बताइए कितना.”

मी पाठ केलेला एकही मुद्दा न वापरता फक्त एक गोष्ट विचारली: मामांच्या गोळ्या चालू आहेत, त्या तशाच ठेवून भात एकदम कमी केला तर साखर फार खाली जाणार नाही ना? डॉक्टर माझ्याकडे वळले. बरे विचारलेत, म्हणाले, आणि त्यांनी एक गोळी कमी केली, साखर केव्हा तपासायची ते सांगितले, आणि घाम फुटून हातपाय थरथरले तर काय करायचे तेही. वाचकांपैकी कुणी मधुमेहाची औषधे घेत असेल तर कृपया माझे वाचून भात सोडू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. या संपूर्ण लेखातले हे एकच वाक्य मी अधिकाराने लिहीत आहे.

बाहेर आल्यावर मी विचारले, “मामा, काल तर तुम्ही...”

“काल नवं होतं. काल खाल्ला.” ते पट्टीच्या पायाकडे पाहत जिना उतरत होते. “तू एक घास खाल्ला अन् इतकं सांगितलं. म्या ताट खाल्लं, मले त्यातलं अर्धं बी नाही भेटलं. तेच डोक्यात राह्यलं. म्हटलं, भाची बिनभाताची राहून जीभ ताजी ठेवते, तं मामा काहून नाही? दुकानात एक घास चाखीन. बाकी तुह्ये वांगे अन् डाळ.”

येथे मी अडचणीत आले. भात कमी केल्याने गेलेला वास परत येतो, असे मला कुणी शिकविलेले नाही. गप्प राहिले असते तर काम झालेच होते. परंतु खोट्या आशेवर त्यांना उभे करून गाडीत बसणे मला जमेना.

“मामा, जिभेचे मला ठाऊक नाही,” मी म्हणाले. “वास परत येईल, असे मी सांगू शकत नाही. मला फक्त पायाचे ठाऊक आहे.”

मामा थांबले. मला वाटले, आता ते हसतील आणि सगळे विस्कटेल.

“पायाचं डॉक्टर पाह्यते,” ते म्हणाले. “जिभेचं मी पाह्यतो. तू नीट जा.”

गाडी सुटेपर्यंत वेळ होता, म्हणून आम्ही वैनगंगेच्या काठावर गेलो. पाणी इतके संथ होते की नदी वाहते आहे की आठवते आहे, ते कळत नव्हते. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होते आणि प्रत्येक आपट्याचा आवाज उशिरा पोहोचत होता. आमच्या दोघांत इतका शांत तास पूर्वी कधी गेला नव्हता.

आता घरी येऊन महिना होत आला. या प्रवासातून काय उरले, याचा विचार करते तेव्हा जंगलातला हिरवा उजेड आठवतो, आणि ओठांना नुसते टेकून गेलेले तीन घास. समजावून सांगण्याची कला मला आजही आलेली नाही. गेल्या रविवारी रेवतीच्या घरी जेवायला गेले, तेव्हा मात्र मी भात भाजीखाली लपविला नाही. नको म्हणाले, आणि ती का म्हणून विचारू लागली तेव्हा आधी तिच्या वांग्यांना कसा स्वाद आला आहे ते सांगितले. ती ऐकत राहिली. पटले की नाही, ठाऊक नाही. दुसऱ्यांदा वाढताना तिने वांगीच वाढली.

आज सकाळी मामींचा दुकानातून फोन आला. त्या एका दमात बोलत होत्या. मधे एका लग्नात मामांनी दोन वाढी भात खाल्ला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. धनलालकाका रोज डब्यात डोकावून “आज काय चारा आहे?” असे विचारतात. एकदा साखर खाली गेली होती, पण काय करायचे ते माहीत होते. आणि काल डॉक्टरांनी पट्टी सोडली तर खालून नवी गुलाबी कातडी आलेली होती. अंगठा काढण्याची गोष्ट आता नाही, म्हणाले. “नाही काढत, बाई,” मामींनी मला तीनदा सांगितले, आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला.

मग मामांनी फोन घेतला. मी पायाची चौकशी केली. “पाय ठीक हाये,” ते म्हणाले, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय होता. मला विचारायचे होते आणि धीर होत नव्हता, शेवटी विचारलेच.

“आणि वास, मामा?”

“नाही आला अजून,” मामा म्हणाले. पाठीमागे दुकानातल्या शेगडीवर काहीतरी रटरटत होते. “रोज एक घास घेतो, डोळे मिटून. उद्या पाहू.”

पाठविले: रविवार, २८ डिसेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.